दम घ्या, बाळांनो

सम्यक बेशुद्ध पडला म्हणून आमच्या संस्थेनं त्याचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. त्या दिवशी माझं डोकं जे तापलं, ते अजून पुरतं निवलेलं नाही.

मी ग्रंथपाल आहे. छत्रपती संभाजीनगरातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयाचा वाचनकक्ष माझ्या ताब्यात आहे. ताब्यात म्हणजे, किल्ली माझ्याकडं असते. ग्रंथपालाला शिक्षक लोक शिक्षक समजत नाहीत आणि शिपाई लोक शिपाई समजत नाहीत. दोघंही आपलं उरलेलं काम मात्र त्याच्या टेबलावर आणून ठेवतात. बरं, रागवायची सोय नाही. डोक्यावरच ‘शांतता राखा’ अशी पाटी. तेवीस वर्षं त्या पाटीखाली बसून मी एवढा शांत झालोय की, घरात दूध उतू गेलं तरी मी ते कुजबुजत सांगतो.

तर सम्यक. सोयगावचा पोरगा, बारावीला, डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेची तयारी. सकाळी सातला खिडकीजवळच्या खुर्चीवर बसायचा तो संध्याकाळी सातलाच उठायचा. मधे उठलं की खुर्ची दुसरा पटकावतो, म्हणून उठायचं नाही. उठायचं नाही, म्हणून पाणी प्यायचं नाही. एका मंगळवारी दुपारी तो बसल्याजागी वाकडा झाला आणि भौतिकशास्त्राच्या गाइडसकट खाली आला. मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं, डोळे उघडल्यावर मीठ-साखरेचं पाणी पाजलं. डॉक्टर आले, त्यांनी नाडी बघितली आणि म्हणाले, “याला आजार काही नाही. तासातासानं कुणीतरी उठ म्हणायला पाहिजे होतं, एवढंच.”

हे वाक्य माझ्या काळजात रुतलं. कारण पाच हातांवर मीच बसलेलो होतो.

पण आमचे संचालक हिमांशू सर! वय वर्षं छत्तीस, संस्था वडिलांची, घड्याळ मनगटाएवढं. त्यांनी शनिवारी सगळ्या पोरांना मैदानात उभं केलं, सम्यकच्या अंगावर शाल टाकली आणि माईकवरून म्हणाले, “विद्यार्थी मित्रांनो, हा पडला, पण यानं पुस्तक सोडलं नाही!” पुस्तक त्याच्या हाताखाली अडकलं होतं, हो! मी स्वतः ओढून काढलं. टाळ्या अशा पडल्या की काही विचारू नका. पुढच्या आठवड्यात आणखी दोघं बेशुद्ध पडले. त्यातल्या एकानं पडण्याआधी चष्मा काढून टेबलावर नीट ठेवला होता, असं माझं निरीक्षण आहे.

घरी येऊन मी आदळआपट केली. म्हणजे माझ्या परीनं. डबा सिंकमधे जरा जोरात ठेवला.

“भांड्यावर राग काढू नका,” बायको म्हणाली. सुरेखा तिचं नाव. “जिथं काढायचा तिथं काढा.”

आमची मुलगी अपेक्षा एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करते, आणि ते काम आमच्याच जेवणाच्या टेबलावरून करते. तिनं कानातली यंत्रं काढली. “बाबा, अ‍ॅप करू या. पोरांच्या हातात मोबाइल असतोच. पन्नास मिनिटं अभ्यास झाला की मोबाइल म्हणेल, उठा. दहा मिनिटं काही करायचं नाही. मग परत बोलावेल.”

“एवढंच?”

“एवढंच. पण आवाज तुमचा पाहिजे. तुमचा आवाज ऐकून कुणीही शांत होतं. आईला तर झोप लागते.”

अकरा दिवसांत तिनं अ‍ॅप केलं. नाव ठेवलं ‘दम’. आवाज भरायला घरातली सगळ्यात शांत जागा शोधली. ती निघाली गाद्यांची खोली. तिथं गाद्यांच्या ढिगात डोकं घालून मी म्हणालो, “उठा. दम घ्या, बाळांनो.” नेमकी त्याच वेळी स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली आणि सुरेखा ओरडली, “अपेक्षा, गॅस बारीक कर गं!” तेही सगळं त्यात आलं. मी म्हणालो, पुन्हा करू. अपेक्षा म्हणाली, “नाही बाबा. राहू द्या. घरातल्यासारखं वाटतं.”

आता इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण आमच्या अपार्टमेंटमधे पाण्याचा दिवस आला. नळाला पाणी यायच्या दिवशी सगळी माणसं पहाटेच खाली मोटरपाशी जमतात, आणि ज्या घरात जे नवीन घडलेलं असेल त्याचा तिथं निकाल लागतो. वरच्या मजल्यावरचे व्यंकटराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत. त्यांनी माझ्या मोबाइलमधलं अ‍ॅप दोनदा ऐकलं आणि मान हलवली.

“सुदर्शनराव, चुकताय तुम्ही. विश्रांती ही अशी परस्पर घ्यायची गोष्ट नाही. ती मंजूर व्हावी लागते. आधी अर्ज पाहिजे. कारण, ठिकाण, कालावधी.”

“दहा मिनिटांच्या विश्रांतीला अर्ज?”

“अर्ज भरण्यातच दहा मिनिटं जातील. पोरगं जागेवरून हलणार नाही आणि विश्रांतीही कागदोपत्री होईल. आम्ही छत्तीस वर्षं असंच केलं.”

तळमजल्यावरच्या बाईंना त्या दहा मिनिटांत स्तोत्र पाहिजे होतं. समोरच्या गृहस्थांना त्यांच्या क्लासची जाहिरात पाहिजे होती. पोरांनी दहा मिनिटं नुसतं बसावं, हे त्या मोटरपाशी कुणालाच झेपलं नाही. जसं काही मी पोरांना जुगार शिकवायला निघालो होतो! व्यंकटरावांनी अ‍ॅप स्वतःच्या मोबाइलवर मात्र घेतलं आणि दुपारी तक्रार घेऊन आले की, ते झोपले असताना त्यांना माझ्या आवाजानं उठवलं आणि विश्रांती घ्या म्हणून सांगितलं.

वाचनकक्षात अ‍ॅप वापरायला संस्थेची परवानगी लागणार होती. मी रीतसर प्रस्ताव दिला, तीन प्रतींत. तो तंत्रज्ञान समितीकडं गेला. तंत्रज्ञान समितीत एक मराठीचे, एक इतिहासाचे आणि एक क्रीडाशिक्षक आहेत. पंधरा दिवसांनी प्रस्ताव परत आला. शेरा होता: ‘दहा मिनिटांत विद्यार्थी नेमकं काय करणार, याचा खुलासा करावा.’ मी खुलासा केला: ‘काही नाही.’ पुन्हा परत. शेरा: ‘काही न करण्याचा कृती आराखडा जोडावा.’

मी तो शेरा सुरेखाला वाचून दाखवला. तिला वाटलं मी थट्टा करतोय. मग मी रविवारी बसून काही न करण्याचा सहा पानी कृती आराखडा तयार केला. मिनिट पहिलं: उठणे. मिनिट दुसरं ते नववं: काही न करणे. मिनिट दहावं: काही न करणे थांबवून परत येणे. उद्दिष्टं, अपेक्षित निष्पत्ती, जबाबदार अधिकारी, सगळं लिहिलं. समिती इतकी खूश झाली की तिनं परवानगी तर दिलीच, वर आराखडा इतर विभागांना नमुना म्हणून पाठवला. मी सहा पानं लिहिताना एकदाही उठलो नव्हतो, पाठ धरली ती वेगळीच.

सोमवारी सकाळी सातला एकशे चाळीस पोरांनी एकदम अ‍ॅप सुरू केलं. एकदम! हे माझ्या लक्षात आलं नाही, अपेक्षाच्या आलं नाही, समितीच्या तर येणारच नव्हतं. सात पन्नासला एकशे चाळीस मोबाइलमधून एकशे चाळीस वेळा मी म्हणालो, “उठा. दम घ्या, बाळांनो.” एकशे चाळीस कुकरच्या शिट्ट्या झाल्या. एकशे चाळीस सुरेखा ओरडल्या. पोरं हसत उठली आणि एकाच जिन्यावरून खाली निघाली. खाली एक नळ. फाटकाबाहेर राजकुमारची एक चहाची गाडी. पोरं रस्त्यावर आली, रिक्षा थांबल्या, पैठणला निघालेली बस थांबली, आणि बसच्या मागून एक हवालदार आले.

“क्या चालू है ये? मोर्चा किसका?”

“मोर्चा नाही साहेब,” मी म्हणालो. “पोरं दम घेतायत.”

“किसकू दम देरे?”

“देत नाहीत साहेब, घेतायत.”

“अच्छा, मंजे पैलं कोणीतरी दिला. कोणी दिला?”

मोबाइलमधलं वाक्य ऐकवल्यावर त्यांनी माझ्याकडं संशयानं बघितलं. “बाळांनो बोलते, और रस्ता रोको कराते. उमर देखो अपनी, मास्तर.” भर रस्त्यात, एकशे चाळीस पोरांसमोर! राजकुमारनं मात्र मला जन्मात पहिल्यांदा खुर्ची दिली.

अपेक्षानं त्याच दिवशी दुरुस्ती केली. आता पंधरा-पंधरा पोरं पाळीपाळीनं उठू लागली. आणि मग, खरं सांगतो, महिनाभर जे झालं ते बघून माझे डोळे निवले. पोरं खाली जाऊन कडुलिंबाखाली उभी राहायची. मुली पायऱ्यांवर बसून एकमेकींच्या वेण्या घालायच्या. उठलेल्याच्या खुर्चीवर वही ठेवायची आणि ती कुणी हलवायची नाही, असा नियम पोरांनीच केला. सम्यक हसतो, हे मला तेव्हा कळलं. त्याला एक दात वाकडा आहे. एक दिवस तो माझ्या टेबलापाशी आला आणि हळूच म्हणाला, “सर, त्या काकूंचा आवाज आला की भूक लागते.” मी दुसऱ्या दिवशी त्याच्यासाठी डबा नेला.

माणसानं अशा वेळी सावध व्हायला पाहिजे. चांगलं काही चाललं की ते साहेबाच्या नजरेला पडतं.

हिमांशू सरांनी मला केबिनमधे बोलावलं. चहा मागवला. तेवीस वर्षांत पहिला. “सुदर्शनजी, तुम्ही व्हिजन छोटं ठेवलं. हे मोठं करू. संस्थेच्या सगळ्या शाखांत. विद्यार्थीहितासाठी.” आणि एक कागद पुढं केला. मी सही केली.

घरी अपेक्षानं विचारलं, “बाबा, कागद वाचला का?”

मी डबा सिंकमधे ठेवला. हळूच.

“बाबा, तुम्ही ग्रंथपाल आहात!”

दुसरा कुणी हे बोलला असता तर सहन केलं असतं. त्या कागदानुसार अ‍ॅप, त्याचं नाव आणि त्यातला आवाज संस्थेचा झाला होता.

दोन महिन्यांनी एका कंपनीकडून नवं अ‍ॅप तयार होऊन आलं. नाव ‘दमदार’. दहा मिनिटांची चार मिनिटं झाली. त्या चार मिनिटांत सामान्यज्ञानाचे आठ प्रश्न. कुकरची शिट्टी काढून तिथं भोंगा टाकला. सुरेखाला काढून टाकलं. ती आठवडाभर फुगून होती, आणि राग माझ्यावर. जुनं अ‍ॅप मोबाइलमधे ठेवणं हा शिस्तभंग ठरला. आणि माझा आवाज? माझ्या आवाजाचे तुकडे करून, संगणकावर जोडून त्यांनी मला नवी वाक्यं बोलायला लावली. मी कधीच न बोललेली वाक्यं मी बोलू लागलो. “कुठं आहेस? वेळ संपली. तुझी नोंद होत आहे.” तेही माझ्या त्याच मऊ, गाद्यांमधल्या आवाजात. दरडावून बोललेलं बरं. मऊ आवाजातली धमकी ऐकून माझ्याच अंगावर काटा आला.

एका रविवारी मी शहागंजात भांड्यांच्या दुकानात उभा होतो. बाजूच्या गाडीवर एक पोरगा भजी खात होता. आमच्या संस्थेचा आहे, हे मला माहीतही नव्हतं. मी दुकानदाराला विचारलं, “ही कढई कितीला?” बस्स. तो पोरगा जागीच ताठ झाला. भज्यांचा कागद खाली ठेवला, इकडंतिकडं बघितलं आणि पळाला. पळाला हो! अर्धी भजी तशीच. दुकानदार म्हणाला, “पाकीटमार होता वाटतं.” मी कढई न घेताच घरी आलो. ज्या माणसाला आयुष्यात कुणी घाबरलं नाही, त्याला घाबरून सुट्टीच्या दिवशी एका लेकरानं भरल्या ताटावरून उठावं, याच्यापेक्षा मोठा अपमान मला ठाऊक नाही.

पण खरा प्रकार अजून व्हायचा होता. त्या आठवड्यापासून ‘दमदार’ पालकांना फोनही करू लागलं. पोरगं उठलं की एक फोन, चार मिनिटांत परतलं नाही की दुसरा. आवाज अर्थात माझा.

एका गुरुवारी दुपारी वाचनकक्षाचं दार धाडकन उघडलं. पन्नाशीचा माणूस, पायात चप्पल नाही, हाताला कोपरापर्यंत सिमेंट वाळलेलं. छाती धपापत होती. मी उठून म्हणालो, “या, बसा. पाणी देऊ का?”

माझा आवाज ऐकला आणि तो दोन पावलं मागं सरकला.

“तुमीच! तुमीच का ते?” त्यानं माझी कॉलर धरली. “माझा सम्यक कुठंय? काय झालं माझ्या लेकराला?”

ते सम्यकचे वडील होते, कडूबा. सोयगावला गवंडीकाम करतात. सकाळी परांचीवर उभे असताना त्यांना फोन आला होता. हळव्या, जड आवाजात कुणीतरी म्हणालं होतं, ‘आपला पाल्य सम्यक विश्रांती घेत आहे.’ त्यांना काही उमजेना. चार मिनिटांनी पुन्हा फोन: ‘आपला पाल्य अद्याप परतलेला नाही.’

“मागं एकदा पडला व्हता ना तो,” कडूबा म्हणाले. माझी कॉलर त्यांनी सोडली नव्हती. “मला वाटलं, गेलं माझं लेकरू. परांचीवरून पाय निसटला माझा, बांबू धरला म्हनून हाय. सम्यकला फोन लावतो तर बंद. तसाच बशीत बसलो. शंभर किलोमीटर. त्याच्या मायला सांगितलं बी नाय.”

सम्यक खिडकीजवळच्या खुर्चीवरून उठून उभा राहिला होता. ‘दमदार’ सुरू असताना बाहेरचे फोन लागत नाहीत, ही आणखी एक सुधारणा. बापानं लेकाला बघितलं आणि माझी कॉलर सोडून मटकन जमिनीवर बसला. सम्यक धावत आला. कडूबांनी त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं. पोराच्या गालाला सिमेंट लागलं. सगळा वाचनकक्ष उभा होता. डोक्यावर पाटी होती, पण शांतता राखायला त्या दिवशी कुणाला सांगावं लागलं नाही.

मी कडूबांना घेऊन तडक केबिनकडं निघालो. बाहेर चाळीस मिनिटं बसवलं. आत गेल्यावर मी सगळं सांगितलं. हिमांशू सरांचा चेहरा उजळला.

“पालकांचा सहभाग बघा, सुदर्शनजी! शंभर किलोमीटरवरून पालक आले! एक फोटो घेऊ या.”

“फोटो नको साहेब,” कडूबा म्हणाले. “माझा नंबर तेवढा काढा त्या मशिनीतून. मी उंचावर काम करतो.”

“ते कंपनीच्या हातात आहे.”

इथं मी ओरडलो. खरंच ओरडलो. म्हणालो, “सर, हे पाप आहे!” पण तेवीस वर्षांची सवय. घशातून निघाली ती कुजबुज. सर म्हणाले, “थँक यू.” त्यांना वाटलं, मी ‘हे छान आहे’ म्हणालो.

त्या दिवशी कडूबांना मी घरी जेवायला नेलं, माझ्या चपला घालायला दिल्या आणि बसमधे बसवून दिलं. मग अर्ज लिहिला. विषय: माझा आवाज परत मिळणेबाबत. आठ दिवसांनी उत्तर आलं: ‘आपला आवाज संस्थेस प्राप्त झाला असून डेडस्टॉक रजिस्टरमध्ये अनुक्रमांक ४१२ वर त्याची नोंद घेतलेली आहे. सबब परत करता येत नाही.’

मी रजिस्टर उघडलं. ४११: लोखंडी कपाट, दार नसलेलं. ४१२: ध्वनी, पुरुषाचा, नग एक. ४१३: पाण्याचा कूलर, बंद.

रजिस्टर उघडता आलं, कारण ते माझ्याच कपाटात असतं. संस्थेचा डेडस्टॉक मी सांभाळतो; नव्या नोंदी तेवढ्या कार्यालय करतं. ते काम कुणाला नको होतं, म्हणून मोडक्या खुर्च्यांसारखं माझ्याकडं आलं. आणि वर्षातून एकदा निरुपयोगी वस्तूंची यादी करून त्या रजिस्टरमधून कमी करायच्या, हेही काम माझंच. याला निर्लेखन म्हणतात. म्हणजे वस्तूचं कागदोपत्री तेरावं.

मी त्या वर्षीची यादी केली. फाटकी पुस्तकं, तीन पायांच्या खुर्च्या, नकाशे, आणि चौदाव्या पानावर, दोन पंख्यांच्या मधे: ‘अनु. ४१२. ध्वनी. जीर्ण. दुरुस्तीपलीकडे. वापर धोकादायक.’ हिमांशू सर फोनवर बोलत होते. त्यांनी एकोणीस पानांवर एकोणीस सह्या ठोकल्या. मी कंपनीला पत्र पाठवलं की, सदर ध्वनीचं निर्लेखन झालं असून तो यापुढं वापरल्यास ऑडिटमधे आक्षेप येईल. व्यंकटरावांनी मसुदा तपासून दिला; त्या एका कामात मी त्यांना मानतो. ऑडिट शब्द वाचून कंपनीनं दोन दिवसांत माझा आवाज काढून टाकला.

दुसरा आवाज त्यांना लगेच मिळेना. त्यामुळं पालकांना फोन जायचे, पण पलीकडून कुणी बोलायचं नाही. आयांनी मुक्या फोनला अशा शिव्या घातल्या आणि नंबर असे बंद केले की, आठवड्यात ती सोय बंद पडली. कडूबांना मी स्वतः फोन करून सांगितलं. मी “हॅलो” म्हणताच त्यांनी फोन ठेवला. तिसऱ्या वेळेला सम्यकच्या मोबाइलवरून त्यालाच बोलायला लावावं लागलं.

पण चार मिनिटं चारच राहिली आणि आठ प्रश्न आठच. पोरं पुन्हा खुर्चीला चिकटली. सम्यकचं हसू गेलं. मी आठ दिवस बघितलं. मग ग्रंथालयाची नियमावली काढली, बासष्ट पानी. ती मी तरी वाचलेली आहे. नियम सतरा: ‘वाचनकक्षाची स्वच्छता ग्रंथपालाने आपल्या सोयीनुसार करून घ्यावी.’

परवानगी नको, समिती नको, आराखडा नको. दुसऱ्या दिवशीपासून दर तासाला पन्नास मिनिटं झाली की मी पंखे बंद करायचो आणि म्हणायचो, “झाडायचंय. बाहेर चला.” सगळी पोरं बाहेर. मोबाइल आत. दाराला आतून कडी. मग मी केरसुणी घेऊन खरंच झाडायचो, कारण माझ्यावर खोटेपणाचा आळ नको. दिवसात अकरा वेळा. एवढा स्वच्छ वाचनकक्ष मराठवाड्यात दुसरा नसेल. पोरं पायऱ्यांवर बसायची, राजकुमार किटली घेऊन फाटकाच्या आत यायला लागला.

मेमो आला: ‘वाचनकक्ष दिवसातून अकरा वेळा का झाडला जातो?’ मी उत्तर दिलं: ‘धूळ आहे म्हणून.’ दुसरा मेमो: ‘धूळ एवढी कुठून येते?’ मी लिहिलं: ‘बाहेरून. आतल्या धुळीबद्दल स्वतंत्र पत्र देईन.’

तिसऱ्या मेमोऐवजी हिमांशू सर स्वतः आले. अकरा वाजायला दहा कमी. मी नुकतीच कडी घातली होती आणि हातात केरसुणी होती. दारावर थाप पडली.

“सुदर्शनजी, दार उघडा.”

मी झाडत राहिलो.

“सुदर्शनजी! मी बोलतोय! ताबडतोब दार उघडा!”

मी झाडायचं थांबलो. बेशुद्ध पडलेल्याची शाल, अर्ध्या टाकलेल्या भज्यांचा कागद, परांचीवरून निसटलेला पाय, सगळं एकदम वर आलं.

“बाहेर थांबा!”

एवढा मोठा आवाज माझ्यात होता, हे मला माहीत नव्हतं. तावदानं हादरली. बाहेर पोरांचा गलका टक्कन थांबला. फाटकापाशी राजकुमारच्या हातून कप पडला म्हणतात. आणि दारावरची थापही थांबली.

मी खिडकीच्या फटीतून बघितलं. हिमांशू सर पोरांच्या मधे उभे होते. त्यांना जायचं कुठं ते कळत नव्हतं. परत जावं तर एकशे चाळीस पोरं बघतायत, थांबावं तर काय करत थांबावं? सवयीनं त्यांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं, मग खिसा चाचपला. मोबाइल केबिनमधेच राहिला असावा. सम्यक पायरीवर जरा बाजूला सरकला.

“बसा सर,” तो म्हणाला. “आजून आठ मिनिटं हायेत.”

सर बसले नाहीत. पण गेलेही नाहीत. राजकुमारनं त्यांच्या हातात चहा दिला, तो त्यांनी घेतला. कडुलिंबाखाली सावलीत, कप धरून, लालबुंद तोंडानं ते उभे राहिले. आमच्या संस्थेच्या इतिहासात संचालकांनी काहीही न करता उभं राहण्याची ती पहिलीच वेळ असावी.

मी सगळा वाचनकक्ष झाडून काढला. केर भरला. खुर्च्या नीट लावल्या. घड्याळात बघितलं, दहा मिनिटं झाली होती. मी माझ्या टेबलाशी येऊन बसलो, पाणी प्यालो, आणि आणखी दोन मिनिटं दार उघडलं नाही.